भासऱ्यांशी बोलायचं नसतं

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्या घराण्यात धाकट्या भावाच्या बायकोनं त्यांच्याशी बोलायचं नसतं. भांडण नाही, अबोला नाही, नुसती रीत. ते खोलीत आले की डोक्यावर पदर घ्यायचा, नजर खाली ठेवायची आणि काही सांगायचं असेल तर नवऱ्याच्या नाहीतर पोरांच्या तोंडून सांगायचं. ते समोर बसलेले असले तरी. "मोठ्या बाबांना विचार वं, अजून एक पोळी वाढू का," असं मी मुलीला म्हणायचे आणि ते मुलीलाच सांगायचे, "नको म्हणा." नवीन होते तेव्हा याची मला गंमत वाटायची. माहेरी नक्कल करून दाखवली होती मी. बहिणी पोट धरून हसल्या होत्या.

आणि मी काही तोंड शिवून बसणारी बाई नाही. सदर भागातल्या एका ऑफिसात विजेच्या बिलांच्या तक्रारींची खिडकी माझ्याकडे आहे. उन्हाळ्यात कूलरचं बिल आलं की अर्धं नागपूर माझ्या खिडकीवर येऊन बोंबलतं. लोक टेबल आपटतात, मीही आपटते. "त्या मॅडमच्या नादी लागू नका," असं आमचा शिपाईच लोकांना सांगतो. तीच मी, महाल भागातल्या भासऱ्यांच्या घराचा उंबरा ओलांडला की मुकी. मुलीचं जे झालं ते या मुकेपणातून झालं. कोणी कितीही नशिबावर ढकलो.

मुलीला फार्मसी करायची होती. हे वेड लहानपणापासूनचं. माझ्या थायरॉईडच्या गोळ्यांच्या डबीत जो बारीक अक्षरांचा कागद येतो, घडी घालून घालून ठेवलेला, तो ती तिसरीत असल्यापासून वाचायची. कळायचं काही नाही, पण वाचायची. बारावीचा निकाल बरा लागला, चारचौघांत सांगता येण्यासारखा. घात केला सीईटीनं. रोज क्लास, रोज टेस्ट, वर्षभर ना सिनेमा ना लग्न, आणि निकाल पाहिला तर आमच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि मला म्हणाली, "आई, संत्रा बर्फी आणू नको." मी आदल्या दिवशीच आणून फ्रीजमध्ये मागे दडवून ठेवली होती. ती शेवटी ऑफिसात नेऊन वाटली. वाढदिवस आहे म्हणून सांगितलं.

मग सुरू झाली नातेवाइकांची चौकशी. निकाल चांगला लागला असता तर एकाचाही फोन आला नसता. "किती पडले गं? अरेरे. आता काय करणार?" प्रत्येकाकडे सल्ला तयार. कोणी म्हणे ड्रॉप घे, कोणी म्हणे बी.ए. कर आणि स्पर्धा परीक्षा दे, माझ्या एका आतेबहिणीनं तर थेट मुलगा सुचवला. मी तिला म्हटलं, तुझ्या पोरीसाठी ठेव जपून. तेव्हापासून ती बोलत नाही. बरंच झालं.

सदरला एक ॲडमिशनवाला आहे असं कळलं, तिथेही गेलो. एसीची केबिन, चकचकीत पुस्तकं, टाय घातलेला माणूस. बंगलोरला मिळेल, भोपाळला मिळेल, म्हणाल तिथे मिळेल. मुलीनं विचारलं, "तिथे लॅब कशी आहे, सर?" तर तो म्हणाला, "मॅडम, हॉस्टेलला जिम आहे." ती उठली. पोरगी माझीच आहे.

मग आम्हीच एकेक कॉलेज डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, स्कूटीवर मायलेकी, जिथे स्कूटी पोचणार नाही तिथे बसनं. कितीतरी इमारती पाहिल्या. समोर कारंजं आणि आत कुलपं. काटोलच्या बाजूला एक लहानसं कॉलेज होतं, रंग उडालेलं, पण लॅबमध्ये त्या सुट्टीतही काम चाललेलं. एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मुलीला आत बोलावलं, गोळी तयार करायचं हातानं फिरवायचं यंत्र दाखवलं, तिच्याच हातून दांडा फिरवून घेतला आणि जी पांढरी गोळी पडली ती तिच्या तळहातावर ठेवली. "खायची नाही हं, नुसता खडू आहे," म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये ती मूठ मिटून बसली होती. घरी आल्यावर गोळी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवली. आम्ही पसंतीक्रम भरला तेव्हा ते कॉलेज वरच घातलं. तिच्या मार्कांना झेपेल असं होतं आणि तिच्या मनात बसलं होतं. बास, अजून काय पाहिजे?

पण आमच्या घरात कोणतीही गोष्ट भासऱ्यांच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. नवऱ्यानं जाऊन सांगितलं. भासऱ्यांचं बिल्डिंग मटेरियलचं दुकान आहे, उठबस मोठ्या लोकांत असते असं ते स्वतः सांगतात. त्यांनी फर्मान काढलं, पोरीला शहरातल्याच कॉलेजात घालायचं. तिथले अध्यक्ष आपल्या ओळखीचे आहेत. तिची फाईल आणून दे, मी स्वतः साहेबांना दाखवतो.

फाईल म्हणजे सगळे मूळ कागद. टीसी, मार्कशीट, डोमिसाईल, सगळं. मी म्हटलं, "अहो, झेरॉक्स द्या. मूळ कागद कशाला?"

नवरा म्हणाला, "दादाले झेरॉक्स देऊ? बरं दिसते का ते?"

दादांना बरं दिसावं म्हणून माझ्या मुलीचे मूळ कागद महालात गेले. माझा नवरा वाईट माणूस नाही. दारू नाही, तंबाखू नाही, मुलीवर जीव आहे. पण मोठ्या भावासमोर उभा राहिला की त्याचं वय दहा वर्षांचं होतं. वडील लवकर गेले, दादांनी वाढवलं, हे मला लग्नापासून ऐकवलं जातंय. वाढवलं ते कबूल. म्हणून काय जन्मभर त्यांच्याच खुंटीला बांधून राहायचं?

दुसऱ्या फेरीची यादी लागली आणि त्या काटोलकडच्या कॉलेजात मुलीचं नाव आलं. मी ऑफिसात होते. तिचा फोन आला. "आई, लागलं," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी खिडकीवर एकाशीही भांडले नाही. आता फक्त ठरलेल्या मुदतीत, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं आणि प्रवेश पक्का करायचा. नाही गेलं तर जागा पुढच्याला. एवढं सरळ होतं.

नवऱ्यानं आनंदानं महालात फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं.

"काटोल?" भासरे म्हणाले. "काहून गा, पोरगी काय संत्र्याच्या क्रेटांमधी बसून जाईन रोज? लोक काय म्हणतीन? मी इथं साहेबांशी बोलून राहिलो आणि तू काटोल घेऊन बसला. काही जाऊ नको. आपली शहरातली सीट पक्की आहे."

"हो दादा," नवरा म्हणाला.

मी फोन संपेपर्यंत दम धरला. मग म्हटलं, "फाईल आणा. आज."

"आणतो ना. मी बोलतो दादाशी. तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"

तो बोललाच नाही. पहिल्या दिवशी दादांचा मूड नव्हता. दुसऱ्या दिवशी दादा महालक्ष्म्यांच्या बाजारात होते. मी विचारलं की म्हणायचा, उद्या तिथे जायचंच आहे ना, उद्या हातोहात घेऊ. मुदतीचा शेवटचा दिवस आणि महालक्ष्म्या यायचा दिवस एकच होता.

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या मोठ्या भावाच्याच घरी बसतात. त्या तीन दिवसांत सगळ्या सुनांनी तिथे राबायचं. मी ऑफिसात रजा टाकली होती. सकाळी मुलीला घेऊन महालात पोचले ते ठरवूनच, की मुहूर्ताआधी फाईल हातात घ्यायची, भाकरी थापून द्यायच्या आणि दुपारची बस पकडायची. समोरच्या खोलीत आलो तर मखर रात्रीच उभं केलेलं. लाकडी चौकट, जरीच्या साड्या, दिव्यांच्या माळा, वर फुलोरा टांगायच्या दोऱ्या. आणि हे सगळं गोदरेजच्या कपाटाला पाठ लावून. फाईल त्या कपाटात होती, हे आम्हाला मोठ्या जाऊबाईंनीच सांगितलं. त्यांनी स्वतःच्या पैठण्या आणि चांदीची भांडी आदल्या दिवशी आठवणीनं बाहेर काढून घेतली होती. माझ्या मुलीची फाईल तेवढी आत राहिली.

मुहूर्ताला अजून वेळ होता. मुखवटे अजून ताटातच होते. चौकट दोन माणसांनी हातभर पुढे सरकवली असती तर कपाटाचं दार उघडलं असतं. मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "आत्ता. देव बसायच्या आधी. तुम्ही दोघे भाऊ मिळून सरकवा." तो गेला. मी दाराआडून पाहत होते. दादा पाटावर बसून कलशाला दोरा गुंडाळत होते. हा त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला, त्यांनी मान वर केली, म्हणाले, "नारळ आण गा तो." यानं नारळ आणून दिला आणि परत आला.

"दादा गडबडीत आहेत. नंतर काढू."

भासरे माझ्यापासून पाच-सहा पावलांवर होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. भाऊजी, जरा चौकट सरकवा, पोरीचे कागद काढायचे आहेत. एवढंच. ते मी माझ्या तोंडानं म्हटलं नाही. डोक्यावर पदर होता, हातात पिठी होती आणि भासऱ्यांशी बोलायचं नसतं.

मुलगी दारापासून मखरापर्यंत पिठीची पावलं काढत होती. तिची पावलं सुरेख येतात म्हणून ते काम दरवर्षी तिचंच. मुहूर्त झाला. मोठ्या जाऊबाई मुखवटा घेऊन त्या पावलांवरून आत आल्या. कशाच्या पावलांनी आली, असं विचारायचं असतं. बायका उत्तर देत होत्या, सोन्याच्या पावलांनी आली, धान्याच्या पावलांनी आली, विद्येच्या पावलांनी आली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि कपाटाकडे पाहत होती.

महालक्ष्म्या बसल्यावर नवरा पुन्हा गेला. या वेळी खरंच बोलला, मी ऐकलं. भासऱ्यांचं उत्तर तयार होतं. "देव बसले आता. हलवते का कोणी बसलेल्या महालक्ष्म्या? विसर्जन झालं की काढू. आणि पाहिजे काहून तुले ती फाईल? मी साहेबांशी बोललो म्हणून सांगितलं ना एकदा?" मग माझ्या दिशेनं न पाहता म्हणाले, "तिला सांग, फालतू घाई करू नको म्हणा."

नवऱ्यानं मला येऊन सांगितलं, "दादा म्हणतात, घाई करू नको." जसं काही मी बहिरी होते.

पाच वाजले तेव्हा मी भाकरी थापत होते. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. मुलगी मेथी निवडत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही आणि मीही नाही. एक भाकरी करपली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "लक्ष कुठं आहे वं तुझं?"

दुसऱ्या दिवशी पूजेचं मोठं जेवण, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, शंभर पान. मी गेले नाही. मुलीला घेऊन सरळ काटोलची बस धरली. कागद नव्हतेच, नुसत्या मोबाईलमधल्या फोटोंच्या भरवशावर गेलो. बसभर जाऊबाईंचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. कॉलेजात खिडकीमागे एक क्लार्क होता. मला खिडकीच्या अलीकडे उभं राहायची सवय नाही. त्यानं मुलीचं नाव शोधलं आणि म्हणाला, "काल पाचपर्यंत यायचं होतं, मॅडम. जागा गेली पुढच्या फेरीत. आता माझ्या हाती काही नाही." चांगल्या तोंडानं म्हणाला. मी माझ्या खिडकीवर लोकांशी असं कधी बोलले असेन असं वाटत नाही.

मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे काल महालक्ष्म्या होत्या."

त्याच्या कपाळावर ताजं हळदीकुंकू होतं. तो म्हणाला, "आमच्या घरी पण बसल्या आहेत, बेटा. पूजा करूनच आलो."

मुलीनं लॅबच्या बाजूला वळूनही पाहिलं नाही. मी म्हटलं, चल, त्या मॅडमना भेटू, तर म्हणाली, "नको ना आई." येताना बसमध्ये तिनं डोळे मिटून घेतले होते. झोपली नव्हती.

आता भासऱ्यांची ओळख. विसर्जन झालं, फाईल निघाली, भासरे साहेबांना फोन लावत राहिले. साहेब मीटिंगमध्ये होते. मग दिल्लीला होते. मग भासरे नवऱ्याला घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले आणि दोन तास बाहेर बसून परत आले. साहेबांच्या माणसानं भासऱ्यांना त्यांचं नाव दोनदा विचारलं, असं नवऱ्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं. त्यालाही ते लागलं होतं. पण दादांना काही म्हणाला नाही. मला म्हणाला, "जाऊ दे ना आता."

तिसऱ्या फेरीत काही लागलं नाही. शेवटी शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला घातलं, जिथे वर्षभर जागा रिकाम्या असतात आणि कोणीही केव्हाही जाऊन बसू शकतं. तिथेसुद्धा भासऱ्यांनी एक फोन केला होता. कोणी न सांगता. मुलगी जाते, येते. मास्तर आले तर तास होतो. सीईटी तिनं पुन्हा दिली, पण कॉलेज सांभाळून, क्लासशिवाय, आणि मन मेलेलं. मार्क तेवढेच पडले आणि यंदा त्या काटोलकडच्या कॉलेजाची कटऑफची लाईनच वर गेली. औषधांच्या डब्या अजूनही घरात येतात. आतला कागद आता मीच काढून फेकते, ती मागत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना पुन्हा महालात गेलो. नवरा म्हणाला, देवाचं आहे, राग देवावर काढू नये. मखर तिथेच होतं, कपाटाला पाठ लावून. पूजेच्या दिवशी पुरुषांची पंगत बसली होती. नवरा भावाच्या शेजारच्या पाटावर होता. मी कढी वाढत होते. माझ्यामागून मुलगी मीठ वाढत होती. भासऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे व्याही बसले होते, नवीनच सोयरीक. त्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, ही काय करते?

भासरे म्हणाले, "बी.एस्सी. करते. पोरीला मार्क नव्हते हो. घरात बसायची पाळी होती. मी एक फोन टाकला, सीट हातात. ओळख लागते." मग नवऱ्याकडे वळले. "काहून गा, सांग ना त्याहिले."

नवरा हसला. माझा नवरा ताटात पाहून हसला.

माझ्या हातात कढीचं भांडं होतं म्हणून पदर सावरता आला नाही, तो खांद्यावर आला. मी भासऱ्यांसमोर उभी राहिले आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हातारे झालेत. मी म्हटलं, "भाऊजी, तिला सीट लागली होती. फार्मसीची, तिच्या मनातली. तिची फाईल या कपाटात होती आणि तुम्ही समोर मखर लावलं. हातभर सरकवलं असतं तर आज ती तिथे असती. आणि ओळख तुमची कोणाशीच नव्हती."

मी ओरडले नाही. ऑफिसच्या खिडकीवर बोलते त्याच आवाजात बोलले. मागून जाऊबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "पदर घे वं आधी, पदर."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी घास गिळला, पाणी प्यायलं आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग, कढी थंडी होऊन राहिली म्हणा. वाढ म्हणा पुढं."

नवऱ्यानं मान वर केली. "कढी वाढ," तो मला म्हणाला.

मी भांडं तिथेच पंगतीत ठेवलं आणि मुलीचा हात धरून बाहेर आले. गल्लीत स्कूटी काढताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? वाटलं, पोरगी आता गळ्यात पडेल. निदान हसेल. ती मागे बसली, स्कार्फ बांधायला लागली. मी विचारलं, "काहून गप्प आहे वं? बोलली ना मी शेवटी?"

"बोलली ना," ती म्हणाली. तिनं स्कार्फची गाठ मारली. "पण मागच्या वर्षी, मुहूर्ताच्या आधी बोलायचं होतं, आई."